एक नंबर कुठला

खाच वर धर. हां, तशी.
खाचेच्या डाव्या हाताला पहिला पाय.
तिथून खाली उतर, तळाशी पलीकडे जा,
आणि उजवीकडून चढत ये.
घड्याळाच्या उलट.

लॅमिंग्टन रोडवर, रेग्युलेटरच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात
इनास तुस्कानोने मला मोजायला शिकवलं,
बारावीला गणितात बाहात्तर पडले होते तरी.
उभं राहिलं की छत डोक्याला लागायचं,
म्हणून सगळं शिक्षण बसून झालं.

प्रदक्षिणा अशी नसते, मी म्हणाले.
तो वसईचा. तुझ्या देवाचं मला ठाऊक नाय बाय,
याचा देव उलटा फिरतो.
मग मला शंकराचं देऊळ आठवलं:
आई पन्हळीपाशी थांबायची,
ओलांडायची नाही, मागे फिरायची.
इथेही खाच कोणी ओलांडत नाही.
चौदावा पाय सगळं फिरून
पहिल्यासमोर येऊन उभा राहतो,
मध्ये नखाएवढी दरी,
आणि एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताडदेवच्या एका लिफ्टचं कार्ड आलं.
मी नवी चिप बसवली. उलटी.
सातव्याच्या घरात चौदावा, चौदाव्याच्या घरात सातवा.
आवाज नाही, धूर नाही,
नुसता नखं जळल्यासारखा वास,
आणि मी बोट लावून बघितलं, तापलंय का.
चिपवरचा नंबर तर्जनीवर उमटला,
आरशात वाचावा असा.
इनास खाली जाऊन रसवाल्याकडून बर्फ घेऊन आला.
रागावला नाही. पगारातून बावीस रुपये कापले
आणि म्हणाला, आता तुला एक नंबर कळला.

डाख द्यायला बोर्ड पालथा केला
की डावं ते उजवं.
हे तेवढं मला आधीच येत होतं.
आईच्या मशीनशेजारी बसून शिकलेलं:
कापड उलटं आहे, बाही कुठली, दोनदा मोठ्याने बोल,
मगच कात्री.

एकदा घासलेला माल आला.
भंगारातून उचललेला, पाठ घासून
वर नवा काळा रंग, नवं नाव.
खाच बुजलेली. दोन्ही टोकांना एकेक गोल खड्डा,
जुळ्या भावांसारखे.
मी भिंग लावलं, दिवा तिरका केला, काही नाही.
इनासच्या उजव्या डोळ्यात तोवर मोतीबिंदू,
डावा नावापुरता.
त्याने चिप घेतली, दिव्याकडे पाठ केली
आणि अंगठ्याचं नख कडेने फिरवलं
कोळंबीचा दोरा काढतात तसं.
ही बाजू जरा पडकी, म्हणाला. इथून.
मीटर लावून पाहिलं. खरं होतं.

पुढच्या आठवड्यात तो चुकला.
लागोपाठ दोन चिपा गेल्या.
मी त्या पाकिटात घालून घरी नेल्या,
म्हटलं, कमीच आल्या होत्या.
त्याने मान डोलावली
आणि कितीतरी वेळ तो नखाने टेबलाची कड चाचपत होता.

आता पोटमाळ्यावर ओवेस असतो.
सतरा वर्षांचा. त्याचंही डोकं आपटतं.
ताई, एक नंबर कुठला?
मी चिप त्याच्या तळहातावर पालथी ठेवते,
मेलेल्या झुरळासारखी, पाय वर.
हा?
नाही.
मग हा?
तो साच्याचा डाग. दिवा बंद कर, नख लाव.

खाली फोन वाजतोय, ताडदेवचाच असणार.
सकाळपासून लिफ्ट म्हणे फक्त चौथ्यावर थांबते,
आणि चौथ्यावर कोणीच राहत नाही.