डावी बाजू

वेंडेलचा डावा कान तोफेजवळच राहिला,
व्हिएतनाममध्ये, एकोणीसशे एकोणसत्तरला.
उजवा त्याच्यासोबत नेब्रास्काला परत आला,
पुढे तोही गेला, कुणाला न सांगता.
मी त्याच्या डावीकडे झोपते.

माजी सैनिकांचा दवाखाना दोनशे दहा मैलांवर.
जायचं म्हणजे पहाटे तीनला गुरांना चारा,
मग वाळूच्या टेकड्यांतला तो एकच रस्ता,
आणि पोचल्यावर कळायचं, कान तपासणारी बाई रजेवर.
दोनदा झालं असं.
तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ऐकण्यासारखं उरलंय तरी काय?"
मी उत्तर दिलं होतं.
डावीकडून.

पशुखाद्याच्या दुकानात ड्वेन पोस्पिशिल भेटला,
त्याच्या कानामागे काहीतरी करडं, घेवड्याच्या दाण्याएवढं.
"लांब राहणाऱ्यांना खातं आता जवळच्या डॉक्टरकडे पाठवतं,
पण आधी त्यांना विचार. आधी कागद, मग कान.
उलटं केलंस तर बिल तुझ्या बोकांडी."

फोन मीच केला.
बहिऱ्याने बहिरेपणासाठी फोन करावा,
अशी व्यवस्था करणारी माणसं असतात जगात.
चाळीस मिनिटं पियानोचं तेच ते दळण,
मग एक बाई, गोड आवाजाची: "संमती त्यांचीच लागेल."
मी रिसीव्हर त्याच्या उजव्या कानाला लावला.
तो सगळ्याला हो म्हणाला.
जन्मतारीख विचारली, तरी हो.

तेविसाव्या दिवशी पत्र आलं.
त्यावरचा लांबलचक नंबर
त्याने कॅलेंडरवर उतरवून घेतला,
वळू आणायच्या तारखेखाली.

कॅरी ओस्टगार्डचा दवाखाना टायरच्या दुकानाला लागून,
पूर्वी तिथे न्हावी होता, त्याचा आरसा अजून भिंतीवर.
तिच्या आजोबांनी आम्हाला एकदा खोटा ट्रॅक्टर विकला होता,
पण ते मी काढलं नाही.
तिने वेंडेलला काचेच्या खोलीत बसवलं,
हातात बटण दिलं: आवाज आला की दाबा.
ती चकती फिरवत होती, मी त्याचा अंगठा बघत होते.
अंगठा गप्प.
ती फिरवत होती. अंगठा गप्प.
मला आतलं काही ऐकू येत नव्हतं,
म्हणजे तेवढा वेळ आम्ही सारखेच होतो.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"
तो म्हणाला, "काय?"
आम्ही दोघी हसलो, तो जरा उशिरा.

कागदावरची रेघ सपाट चालत होती
आणि मध्येच कड्यावरून खाली.
"वय चालत उतरतं," कॅरी म्हणाली,
"इथे कुणीतरी ढकललंय."
वेंडेलने त्या जागेवर बोट ठेवलं. बराच वेळ.

पुढच्या महिन्यात यंत्रं आली. पैसे खात्याने दिले.
परतताना तो अचानक म्हणाला, "हे टकटक कसलं?"
इंडिकेटर.
वळण मागे गेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं,
पाच मैल त्याने तो चालूच ठेवला.

आणि मला माझी डावी बाजू आठवली.
किती वर्षं मी अंधारात त्याच्या कानावर घालत आले होते,
म्हणजे, घातलं असं म्हणता यावं इतपत:
त्याच्या भावाला दिलेले पैसे,
तो उन्हाळा, जेव्हा मी बॅग भरून गाडीत ठेवली होती
आणि संध्याकाळी परत आत आणली,
की मी दमलेय,
आणि कधी काहीच नाही, नुसतं त्याचं नाव.
कुठल्याच खात्याला न विचारता
मी ही सोय लावून घेतली होती.

त्या रात्री मी तोंड मिटून पडले.
वाऱ्यावर पवनचक्की कुरकुरत होती,
तो म्हणाला, "तेल घालायला हवं,"
आणि मला भीती वाटली.

मग तो उठून बसला.
दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली,
डबी खट् वाजली, ती त्याला कळली नाही.
पाठ माझ्याकडे, डावा कान वर करून
तो आडवा झाला.

"काढलीत," म्हणाला. "बोल आता."

मला बराच वेळ काही सुचलं नाही.