सत्तेचाळीस नंबर

शेजारच्या दीर्घिकेतला सत्तेचाळीसावा अवशेष.
दृश्य प्रकाशात काहीच नाही.
क्ष-किरणांत पुसट डाग, तोही बहुधा गोंगाट.
खोडदच्या तबकड्यांनी मात्र ठिपका धरलाय,
वारंवारिता उतरवत न्यावी तसा ठळक होणारा.

गणेशखिंडीतून निघून
तांबट आळीत थांबले, आईचा हंडा घ्यायला.
वडक्यांनी तो दिव्याखाली फिरवला,
मठारावरून अंगठा नेला,
मग डोळे मिटून टिचकी मारली.

"इथं पोचा होता. कुणीतरी काढलाय."
"मला नाही दिसत."
"दिसायचा नाही. वाजतो."

रात्री यादीत
सत्तेचाळीससमोर लिहिलं: वाजतो.
मग खोडलं.
रेडिओत आढळ. इतरत्र नाही.
पुन्हा पाहावे.

हंडा टेबलाखाली.
खुर्ची सरकवताना पाय लागला,
आणि बराच वेळ
मी पुढची ओळ लिहिली नाही.