चौकट क्रमांक सतरा

सुतळीची चौकट, एक मीटर बाय एक मीटर.
जांभ्यात खिळा शिरत नाही,
म्हणून कोपऱ्यांवर चार दगड.
आत आहे तेवढंच आपलं, शमशादनं बजावलंय,
बाहेर कितीही फुललेलं दिसलं तरी मान वळवायची नाही.

दाजीपूरच्या सड्यावर सकाळचे आठ.
धुकं एवढं की मगदूमअण्णा
आवाजापुरते उरलेत:
"लिही. गेंद, एकशे बेचाळीस."
साखर कारखान्याच्या काट्यावर चौतीस हंगाम काढले त्यांनी.
भरली गाडी, वजा रिकामी गाडी, बाकी ऊस.
आता गुडघ्यांखाली पोत्याची घडी घेऊन
टाचणीच्या डोक्याएवढी फुलं मोजतात,
आणि एक चुकलं
की परत पहिल्यापासून.

मी लिहिते. पेन्सिलीनं. शाई इथं टिकत नाही.
सीतेची आसवं, अठ्ठ्याऐंशी. नभाळी, अकरा.
दवबिंदू सहा, त्यातल्या एकाच्या चिकट केसांत
डास अजून पाय हलवतोय.
तो धरायचा का?
"तक्ता वनस्पतींचा आहे," शमशाद म्हणते.
शेऱ्याच्या रकान्यात मी त्याला जागा दिली.

रावजी झोरे म्हसरं पल्याड सोडून आलेला,
कडेला उकिडवा बसून बघत होता मघापासून.
बोट न लावता दाखवलं:
"ह्ये न्हाई धरलं तुम्ही."
गवताच्याच रंगाचं, गवताएवढंच काहीतरी.
काय म्हणता याला?
"आम्ही? काय बी म्हणत न्हाई.
म्हसरं तोंड लावत न्हाईत, एवढंच ठावं."
पुस्तक दोनदा चाळलं.
मग लिहिलं: अनोळखी, चार. म्हशी खात नाहीत.

राहिली कंदीलखर्चुडी.
तीन वर्षांमागं याच चौकटीत पाच, मग तीन, मग एक.
अण्णांनी पात्यापात्याला बाजूला सारून पाहिलं,
चष्मा पुसून पाहिलं,
मग बोटांनीच, डोळे मिटून,
जसं खिशात चिल्लर चाचपावी.
एका जागी माती उकरलेली होती.
साळिंदर असेल. माणूसही असेल.
कोणी काही बोललं नाही.

"हा रकाना कोरा सोडू?"
"कोरा नको," अण्णा एकदम खेकसले,
काट्यावर कुणी ड्रायव्हर घाई करत असावा तसे.
"कोरं म्हणजे कुणी बघितलंच न्हाई.
शून्य लिही. नीट गोल काढ."

मी काढलं. ओल्या कागदावर पेन्सिल अडखळली,
शून्याचं तोंड जरासं उघडं राहिलं.
ते मी जोडलं नाही.

दहाच्या सुमाराला धुकं उठलं
आणि सगळा सडा निळा, पांढरा, पार कड्यापर्यंत.
शमशादनंच आधी मान वळवली.

अण्णा सुतळी गुंडाळत होते.
एकेक दगड उचलून होता तिथं,
ओली बाजू खाली, ठेवत गेले.
चौथ्याखाली एक खेकडा निघाला,
नांग्या उगारून.
"तू तक्त्यात न्हाईस बाबा," अण्णा म्हणाले,
आणि दगड दुसरीकडं ठेवला.