बिनमिठाचं

डेल्मो म्हणाला, सहा गोळे बाजूला काढ,
मीठ न घातलेले.
रविवार होता, मी खिमा मळत होते,
धुकं खिडकीला चिकटलेलं.
कोणासाठी, ते मी विचारलं नाही.
चाळीस वर्षांच्या संसारात बाई
काही प्रश्न पिठासारखे
हातावरून झटकायला शिकते.

आमच्या डोंगरात नोव्हेंबर म्हणजे ट्रफल.
ओकच्या मुळाशी, वीतभर खाली,
काळी, खरबरीत ढेकळं,
शहरातली हॉटेलं ग्रॅमवर विकत घेतात.
माणसाला त्यांचा पत्ता लागत नाही.
लागतो कुत्र्याला.
म्हणून इथे कोण किती मोठा
ते त्याच्या कुत्र्याच्या नाकावर ठरतं,
आणि ओत्ताविओच्या ब्रीनासारखं नाक
अख्ख्या खोऱ्यात नव्हतं.

मंगळवारी ब्रीना ओढ्याकाठी सापडली.
ओत्ताविओने तिला कोटात गुंडाळून खाली आणलं,
लाकडाच्या मोळीसारखी ताठ.
आमच्या दारावरून गेला.
मी पडदा ओढला.

मग कोल्हा.
मग कोल्ह्याला टोचणारे दोन कावळे.
मग घार.
मी सहा बोटं धरून बसले होते,
पण हिशेब जुळेना:
मेलेल्याला खाऊन मेलेले
कोणत्या बोटावर मोजायचे?

आमचा मोरो ठणठणीत.
त्याला डेल्मोने तारेचं मुसकं घातलं होतं.
धुवायला घेतलेल्या कोटाच्या खिशात
मुसक्याची पावती निघाली.
तारीख शनिवारची.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
त्या गोळ्यांत मीठच नव्हतं.

लांडगा मेला
तेव्हा कुठे जिल्ह्याहून गाडी आली.
कुत्र्यासाठी येत नाही.
उतरली निवेस, वनपोलिसांच्या गणवेशात,
माझ्या नातीच्या वयाची,
आणि तिची कुत्री, एका कानाचं टोक तुटलेली.
शोधा की, डेल्मो म्हणाला,
हात खिशातच.

कुत्री लाकडाच्या खोपटावरून गेली,
कोंबड्यांच्या खुराड्यावरून,
डेल्मोच्या बुटांवरून नाक फिरवून पुढे.
स्वयंपाकघरात आली.
फडताळासमोर
बसली.
शिकवलेली कुत्री भुंकत नाहीत म्हणे,
नुसती बसतात.

निळा वाडगा. माझ्या आईचा.
त्याने विसळला असेल, घाईघाईत, थंड पाण्याने.
बुधवारी त्यात मी पावाचं पीठ मळलं होतं.
आम्ही दोघांनी खाल्ला तो पाव.
त्यानेही खाल्ला, दोन तुकडे, सूपात बुडवून.
विसरला होता,
की माझ्यासमोर नको म्हणता आलं नाही,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हा वाडगा कोण वापरतं? निवेसने विचारलं.
मी, मी म्हणाले.
दारात डेल्मोचा श्वास ऐकू आला.
माझे हात पिठाचे नव्हते,
तरी मी ते एकदा झटकले.
पण काही पडलं नाही.
सहा होते, मी म्हणाले.
गोळे. मीच वळले.
मीठ न घालता.

तिने वहीत लिहिलं. वर पाहिलं नाही.
मग वाकून कुत्रीपुढे तळहात धरला,
त्यावर बिस्किटाचा तुकडा.

दिवसभर प्रत्येक दगड हुंगत आलेली ती,
तेवढा एक घास मात्र
वास न घेता खाल्ला.