अकरा युरोंचं नाव

चाळीस वर्षं मी लोकांच्या नावांवर नावं रंगवली.
ऑर्टाच्या बंदरात, धक्क्यावर उकिडवा बसून,
एक ब्रश दातांत, एक हातात.
समोर पिकोचा डोंगर. त्याने ढगाची टोपी घातली
की समजायचं, आज वार्निश वाळणार नाही.
माझी स्वतःची नाव नाही,
म्हणून माझं नावही कुठे नाही,
पावतीपुस्तक सोडलं तर.

वाचनालयातली नेलिया म्हणाली, एव्हारिश्तू,
तुमची एक वेबसाइट हवी.
जागा फुकट मिळाली, कुठल्याशा कंपनीच्या आवारात.
फोटो चढवले: एकशे बारा होड्या, सगळ्या पाठमोऱ्या,
जणू रुसून निघाल्यात.
पण पत्ता! नांगराच्या साखळीएवढा.
कंपनीचं नाव, तिरकी रेघ, आकडे, पुन्हा रेघ,
मध्येच लाटेसारखं एक चिन्ह,
आणि पार शेवटी,
मिरवणुकीत मागे राहिलेल्या पोरासारखा मी.

मग तिने माझं नाव विकत घेतलं. वर्षाला अकरा युरो.
जन्मल्यापासून माझंच होतं की, मी म्हटलं.
ती म्हणाली, इथे नव्हतं.
आता माझं नाव टाइप करा, दार कंपनीचं उघडतं,
पण वरच्या पट्टीत नाव माझंच राहतं.
याला फॉरवर्डिंग म्हणतात, तिने सांगितलं,
आणि या चौकोनात खूण केली की मास्किंग.
म्हणजे मुखवटा.

ती समजावत बसणार, तोच मी म्हटलं,
पोरी, हे मी एकोणनव्वद साली केलंय.
एका बेल्जियन माणसाने 'सांता रिटा' घेतली.
खरवडायचे पैसे द्यायला तयार नाही,
वरूनच मार म्हणाला.
तीन हात दिले. निळ्यावर पांढरं: 'मार्गो'.
दिवसा कुणाला पत्ता नाही.
पण संध्याकाळचं ऊन तिरकं पडलं
की जुन्या अक्षरांच्या कडा वर यायच्या,
म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या.
मी दुसऱ्या रस्त्याने घरी जायला लागलो.

वर्षभर बरं चाललं.
मग न्यू बेडफर्डहून ओडेत मेदेइरुशचा निरोप:
माझ्या फोटोंत तिला वडिलांची होडी सापडली,
सत्याहत्तरावी, पार तळाशी.
भावाला पाठवायला तिने वरचा पत्ता उचलला.
भाऊ येऊन थांबला पुढच्या दारात.
कारण आत कुठेही जा, वर माझंच नाव,
तसूभर हलत नाही. सगळ्या खोल्यांना एकच पाटी.
शेवटी तिने फोनवर वाट सांगितली:
आत जा, डावीकडे, पांढऱ्या होड्या सोड,
खाली उतर, अजून खाली, लाल दिसली की थांब.
साठीचा माणूस. घाबरून मागे जायचं बटण
चार वेळा दाबलं,
आणि थेट हवामानाच्या बातम्यांत जाऊन पडला.

नेलिया म्हणाली, काढून टाकू मुखवटा. एक टिचकी.
मी म्हटलं, थांब जरा.
खोटं कशाला बोलू,
पट्टीत नाव बघायची सवय लागली होती.
रात्री जेवण झालं की कॉम्प्युटर उघडायचो,
नाव टाइप करायचो,
आणि आत जायचोच नाही.

दुसऱ्या दिवशी पाइनची एक उरलेली फळी घेतली,
सगळ्यात बारीक ब्रशने
त्या सत्याहत्तराव्या होडीचा खरा पत्ता लिहिला. पूर्ण.
कंपनीचं नाव सुबक काढलं, राग न धरता.
तिरक्या रेघा सगळ्या एका कलात.
लाटेच्या चिन्हाला जरासा फेस दिला,
तेवढी मुभा घेतली.
फोटो काढून पाठवू, नेलिया म्हणाली.
मी पोस्टात गेलो.

सतराव्या दिवशी ओडेतचं पत्र.
वहिनी एकेक अक्षर वाचत होती, भाऊ दाबत होता,
दोनदा चुकलं, मग उघडलं.
फळी आता त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलीय.
खाली एक ओळ जास्तीची:
भाऊ विचारतोय,
कोपऱ्यात सही का नाही केलीत?