चोवीस भोकांची चकती

पेरणीयंत्र जुनं, चुलतसासऱ्यांकडून आलेलं.
डब्याच्या तळाशी बिडाची चकती, चोवीस भोकांची.
तिला सवय गावठी मक्याची:
टपोरा दाणा, भोकात बसला की टक्कन खाली.

स्वीट कॉर्नचं बी तसं नाही.
सुरकुतलेलं, हलकं,
फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखं.
कुठं दोन-दोन एका भोकात,
कुठं एकच आडवं होऊन चिरडतं.

म्हणून कडोलीहून बसनं आले,
यंत्राचा डबा मांडीवर, पदरात मूठभर बी,
उद्यमबागेत, भरमाण्णाच्या लेथवर.
त्यानं दाणा नखानं उलटापालटा केला.
"भोक मोठं करणं सोपं, अक्का.
बारीक करायचं तर चकतीच नवी."

नवी कातली. नायलॉनची, दुधी.
बियाला शंखजिऱ्याची पूड चोळली,
दारात पोतं अंथरलं
आणि चकती हातानं एक फेरा फिरवली.

मी मोजत होते मराठीत, तो कानडीत,
एकमेकांच्या आकड्यांना न अडखळता.
माझे तेवीस.
त्याचे इप्पत्तनाल्कु.

दोघं पुन्हा वाकलो पोत्यावर.
एक दाणा फुटलेला. अर्धा इथं, अर्धा शिवणीत.

"हे उगवंल काय?"
"उगवायचं नाही. पण पडलंय की वेळेवर."

चकतीच्या बाजूनं त्याचं बरोबर होतं.
मी रानाच्या बाजूनं मोजलं होतं.

मग काही न बोलता त्यानं कानस घेतली,
आणि चकती परत फिरवू लागला,
सावकाश, एकेक भोक,
फोडणारं कुठलं ते बघत.
माझी चारची बस गेली.