पागुमे, तारीख तीन

मेकलितने दिलेलं पहिलं काम साधं होतं:
अर्जातला एक चौकोन, त्यात जन्मतारीख बसवायची.
अदिस अबाबा, तिसरा मजला, खाली कॉफी भाजणारं दुकान,
माझ्या खुर्चीचा एक पाय पुठ्ठ्यावर.

जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते.
पहिला शून्य, बारावा अकरा.
बारा दिलेत तर कुरकुरत नाही,
चुकलात म्हणत नाही,
निमूट पुढल्या वर्षाच्या जानेवारीत जाऊन बसते.
हे मला माहीत होतं.
माहीत होतं म्हणूनच तपासलं नाही.

इथल्या वर्षाला शेपूट आहे.
बारा महिने तीस-तीस दिवसांचे, सरळ,
आणि मग पागुमे, पाच दिवसांचा,
चौथ्या वर्षी सहाचा.

अस्कालेबाई तीन वाजता आल्या,
म्हणजे माझ्या घड्याळात सकाळचे नऊ;
इथे तास उजाडल्यापासून मोजतात.
आम्ही त्यांना दिलेली वेळ दुपारची तीन.
सहा तास त्या बाकावर बसून होत्या,
मांडीवर चर्चच्या शिक्क्याचा चौघडी कागद.

"पेन्शनला एक वर्ष कमी पडतंय,"
खिडकीतला माणूस म्हणाला.
कागदावर पागुमे, तारीख तीन.
पडद्यावर पुढचं वर्ष, पहिला महिना, तारीख तीन.
"राफाएलचा दिवस," त्या म्हणाल्या,
"त्या दिवशीच्या पावसात पोरं नाहतात.
आई सांगायची, मी भिजतच आले."

माझ्या भाषेत तेराव्या महिन्याची एक म्हण आहे.
तिच्यात आधी दुष्काळ येतो.
ती जिभेवर आली,
आणि या शहरात, या बाईंच्या समोर,
मी कॉफीच्या घोटाबरोबर गिळली.

रात्री आम्ही तारखेचा तो हुशार डबा काढून टाकला.
दिवस वेगळा, महिना वेगळा, वर्ष वेगळं,
तीन साधे आकडे, एकमेकांत न सांडणारे.
मग जुन्या नोंदी.
चारशे अकरा माणसं निघाली,
शेपटाच्या दिवसांत जन्मलेली,
आम्ही वर्षाने धाकटी केलेली.
एकेकाला मागे आणताना
मेकलित नाव मोठ्याने वाचायची,
बापाच्या नावासकट.
वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा ती
त्याच नावापासून पुन्हा सुरू झाली.

सकाळी तिने फोनवर विचारलं, उद्या किती वाजता याल?
"तीनला."
मी वहीत तीनच लिहिलं.
आणि नवाला जाऊन दार उघडलं.